१९६२ मध्ये प्रश्न विचारले गेले होते

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे : ‘शत्रू सीमेवर असताना सरकारला जाब विचारायचा नसतो. १९६२ मध्ये सगळे पक्ष गप्प राहिले, म्हणून देश सावरला.’ हा इतिहास खोटा आहे.

गप्प कोण राहिलं? चीनने २० ऑक्टोबरला हल्ला केला. अधिवेशन लवकर बोलवा, असा आग्रह तरुण वाजपेयींनी धरला. तवांग चीनच्या ताब्यात असतानाच, ८ नोव्हेंबरला ते सुरू झालं. चर्चा बंद दाराआड करावी ही सूचना खुद्द नेहरूंनी फेटाळली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तोवर पायउतार व्हावं लागलं होतं, आणि त्यासाठी रेटा लावणाऱ्यांत काँग्रेसचेच खासदार पुढे होते. १९६३ मध्ये कृपलानी, लोहिया आणि मिनू मसानी हे नेहरूंचे कडवे टीकाकार पोटनिवडणुका जिंकून लोकसभेत आले. त्याच ऑगस्टमध्ये कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला, पण सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागलं.

‘प्रश्नांनी सैन्य खचतं’ म्हणे. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला आले आणि डोंगरी युद्धासाठी १० डिव्हिजन उभारण्याचा निर्णय झाला. मेनन जागेवर राहते तर सैन्याची फेरउभारणी इतक्या लवकर सुरू झाली असती असं मला वाटत नाही.

‘युद्धात देश एक होतो’ यात थोडं तथ्य आहे. द्रमुकने वेगळ्या द्रविडनाडूची मागणी याच काळात सोडली. पण त्या एकीची किंमतही सांगा ना! २६ ऑक्टोबरला लागू झालेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये, युद्ध महिन्याभरात थांबलेलं असूनही. भारत संरक्षण कायद्याखाली कम्युनिस्ट नेते तुरुंगात गेले. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोराबाळांनासुद्धा, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. काही जण तिथे कित्येक वर्षं होते. देश गप्प राहिला तो इथे, आणि त्या गप्पपणाने सीमेचं काडीचंही रक्षण झालं नाही.

पराभवाची कारणं तपासणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्येच सरकारला मिळाला. विरोधात असताना तो मागणाऱ्यांनीही सत्तेत आल्यावर तो प्रसिद्ध केलेला नाही.