दुबईतली डाळ महाग का नसावी?

परवा दाजी आले होते सांगलीहून, पाच दिवसांसाठी. पहिल्या रात्री त्यांना डीआयएफसीतल्या (दुबईच्या बँका-कंपन्यांच्या भागातल्या) एका जपानी रेस्टॉरंटमध्ये नेलं. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट लावून भाजलेला ब्लॅक कॉड मासा, तळहाताएवढा तुकडा, दोनशे दिरहमच्या वर. दाजींनी हूं की चूं केलं नाही. उलट, "काय विरघळतोय रे तोंडात!"

दुसऱ्या रात्री डाउनटाउनमधलं एक झकपक भारतीय रेस्टॉरंट. मेनूकार्डात पिवळी डाळ, 68 दिरहम. दाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "अरे, एवढ्यात तुझी ताई दोन महिने आमटी करेल!"

खरं सांगतो, चौदा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. आता पटत नाही. जागेचं भाडं माशाला पडतं तेवढंच डाळीलाही पडतं. इथली बरीच बडी रेस्टॉरंटं हॉटेलांच्या पोटात आहेत, कारण मद्यपरवान्याचं गणित तिथे जमतं. त्यात 5 टक्के व्हॅट, हॉटेलात असाल तर 7 टक्के मुन्सिपालिटी फी, वर बहुतेक ठिकाणी 10 टक्के सर्व्हिस चार्ज. जपान्याला हे सगळं माफ आणि आपल्या माणसाने लावलं की लूट? आपलं जेवण स्वस्तच असलं पाहिजे, हे आपणच ठरवून टाकलंय.

रेस्टॉरंटांना स्टार देणारं मिशेलिन गाइड दुबईत 2022 साली आलं. मे 2025 मध्ये पाम जुमेराह बेटावरच्या ट्रेसिंड स्टुडिओ या रेस्टॉरंटला तीन, म्हणजे सर्वोच्च, स्टार मिळाले. भारतीय जेवणाला तीन स्टार, जगात पहिल्यांदाच! शेफ हिमांशु सैनी आपले दिल्लीचे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी पहिला प्रश्न काय आला असेल? "पण पोट भरतं का?"

(मी अजून गेलेलो नाही. वीसेक खुर्च्यांची जागा, आणि माझा पगार मला माहीत आहे.)

सगळंच डोक्यावर घ्या असं म्हणत नाही हं. सोन्याचा वर्ख लावलेलं मटण, ड्राय आइसचा धूर सोडत येणारी कुल्फी, हे मला चाळेच वाटतात. धुराला चव नसते. पोटभर आणि स्वस्तात जेवायचं तर सतवा भागातलं रावी रेस्टॉरंट आहेच, 1978 पासूनचं. तिथली दाल फ्राय आणि गरम नान, बाहेर फुटपाथवर टेबल. ती जेवायची मजा वेगळी, ही वेगळी. एकीने दुसरीला कमीपणा येत नाही.

तर ती 68 दिरहमची डाळ आली. पितळेची छोटी पातेली, वर तुपाची फोडणी अजून तडतडत होती. दाजींनी नाराजीने एक चमचा घेतला. मग काही न बोलता पातेली स्वतःकडे ओढली. शेवटी नानच्या तुकड्याने ती आतून पुसून घेतली, नेपाळी वेटर बघत होता तरी.

पाचव्या दिवशी एअरपोर्टवर बॅगा ढकलताना म्हणाले, "त्या डाळीत हिंग कुठला होता रे? विचार जरा."