सर, दगडाची चूक मान्य, पाण्याचं मात्र ऐका

नमस्कार सर,

'सातपुड्याच्या कुशीतलं नागपूर' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, आणि दुपारी नकाशा पसरून पुन्हा वाचली. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाने एवढं बारकाईनं वाचून लिहिलं, तर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही. तुमचे आक्षेप तीन आहेत. सातपुडा सगळा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, असं मी लिहिलं ते धडधडीत चूक. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, सपाटीवर वसलेलं शहर; त्याला डोंगराचं गाव म्हणणं ही 'नकाशा न उघडता केलेली भावुकता'. आणि मेळघाटावर चार परिच्छेद लिहून त्यात तिथल्या कोरकू आदिवासींचं नाव एकदाच आलं, तेही जेवणाच्या संदर्भात.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. मी मेळघाटात जास्त फिरले, गाविलगडच्या डोंगरात काळा कातळच पाहिला आणि तो सबंध रांगेला चिकटवून दिला. राजपिपल्यापासून अमरकंटकच्या बाजूपर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली ही रांग एका दगडाची कशी असेल? पचमढीचा धूपगड, 1350 मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर, तो वालुकाश्माचा. पेंचच्या वरच्या खोऱ्यात, परासियाच्या बाजूला, कोळसा निघतो. मनसरकडे आलं की आणखी जुने, तापून दाबून बदललेले खडक आणि त्यांच्यात मँगनीज. काळा कातळ वयाने या सगळ्यांत धाकटा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तुम्ही लिहिलंत की हे शिकायला पचमढीला जायची गरज नाही, नागपूरच पुरे. खरं आहे. सीताबर्डीची टेकडी काळ्या कातळाची, आणि शहराच्या पूर्वेला गेलं की तोच कातळ संपून खालचा पुरातन खडक वर येतो. रोज त्या टेकडीखालून जाते मी, आणि लेख लिहिताना ती आठवली नाही.

स्टीफन हिस्लॉपचा उल्लेख तुम्ही केलात, तोही आवडला. आपल्याकडे हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं. हा मिशनरी नागपूरच्या आसपासच्या खाणींतून आणि नाल्यांतून दगडात उमटलेली पानं गोळा करत हिंडायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1863 साली टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात तो गेला. पुढे एडुआर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकाने दक्षिणेकडच्या प्राचीन जोडखंडाला नाव दिलं, ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून: गोंडवाना. जगातल्या प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द आहे, आणि तो इथला आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मी माघार घेणार नाही.

नागपूर सपाट आहे, कबूल. कळसूबाईच्या 1646 मीटरपुढे सातपुडा ठेंगणा आहे, तेही कबूल. पण डोंगराशी गावाचं नातं उंचीवरून ठरवायचं असेल तर पायथ्याचं एकही गाव डोंगराचं ठरणार नाही. मी ते नातं पाण्यावरून ठरवते. नागपूरच्या नळाला येतं ते पेंच आणि कन्हानचं पाणी, आणि दोन्ही नद्या छिंदवाड्याच्या डोंगराळ भागातून उतरतात. तोतलाडोहचं धरण, तिथून नवेगाव खैरीचं, तिथून आपल्या टाकीत. तुम्ही म्हणाल, नाग नदी तर लाव्याहून निघते, तिचा सातपुड्याशी काय संबंध? नाही संबंध, पण नागेचं पाणी आपण पीत नाही. 2019 चा जुलै आठवा. पाऊस लांबला, तोतलाडोहचा तळ दिसू लागला आणि भर पावसाळ्यात शहरात दिवसाआड पाणी आलं. आमच्याकडे अंगणातला निळा ड्रम, दोन घागरी आणि आंघोळीची बादली एका रांगेत भरून ठेवलेली असायची. माझी आई रोज रात्री पेपरमधून धरणाचा आकडा वाचून दाखवायची आणि विचारायची, 'छिंदवाड्यात पडला का गं?' नागपुरात पडला का, हे तिने एकदाही विचारलं नाही. मी 'डोंगराचं गाव' लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात हे होतं. लेखात ते उतरलं नाही, हा दोष माझा.

आणि मुलताई. बैतूलच्या रस्त्याने तीनेक तासांत पोचतो आपण. गावाच्या मध्यावर तापीचं कुंड, चारी बाजूंनी पायऱ्या, कडेला प्रसादाची दुकानं. मी गेले तेव्हा एक बाई पितळी गडव्यात पाणी भरून घेत होती, गडव्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधून. हे पाणी पश्चिमेला 724 किलोमीटर जाऊन सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळतं. त्याच तालुक्यात वर्धा उगम पावते. ती दक्षिणेला वळून वैनगंगेला भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि थेट पूर्व समुद्र गाठते. थोडं उत्तरेला, बैतूलची माचना तव्यात जाते आणि तवा नर्मदेत. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस तीन मोठ्या नद्यांत आणि दोन समुद्रांत वाटला जातो. मुलताईची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या हिशेबाने टेकाडच. पण इटारसीहून नागपूरकडे येताना धाराखोह ते मरामझिरीच्या चढाला जड गाड्यांना मागून जादा इंजिन लावावं लागतं. त्या चढाला सर टेकाड म्हणायचं का?

इतिहासातही हेच दिसतं. नागपूर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तो डोंगरातून खाली आला. नंतर भोसल्यांनी इथून डोंगराकडे नजर ठेवली. मेळघाटातला गाविलगड किल्ला 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतला, त्यात डोंगराची रचना समजल्याशिवाय लढाई समजत नाही. दक्षिणेला तुटलेले कडे, पण उत्तरेला किल्ला जमिनीच्या पट्ट्याने पठाराला जोडलेला. इंग्रज सेनानी वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनने तोफा डोंगरातून वळसा घालून उत्तरेला ओढत नेल्या. खिंडार पडलं ते तिथे. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. मुलताईजवळ उगम पावणारी ती नदी एका रात्रीत नागपूरच्या राज्याची सीमा झाली.

वन्यजीवांबद्दल तुमची तक्रार नव्हती, म्हणून एकच. वनपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक छोटं घुबड, 1884 नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता. तो संपला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्याच पायथ्याला, पुन्हा सापडला, आणि मग मेळघाटातही. मी पाहिला तो सकाळी नऊ वाजता, उघड्या सागाच्या फांदीवर, उन्हात छाती फुगवून बसलेला. दिवसा असा निर्धास्त दिसणारा पक्षी शंभरावर वर्षं कोणाला दिसला नाही, कारण तिथे कोणी शोधायला गेलंच नाही. शोधायला म्हणजे बाहेरून. कोरकू तिथेच होते.

इथेच तुमचा तिसरा आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. मेळघाट 1974 साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक, हे मी अभिमानाने लिहिलं. कोहा, कुंड, बोरी ही गावं तिथून उठून अकोटकडे आली, हे लिहिलं नाही. खरं सांगायचं तर माहीत होतं. वाघ वाढल्याच्या आनंदात ते मागे पडलं. सिपना नदीचं नाव मी तीनदा लिहिलं आणि सिपना म्हणजे कोरकूत साग, हे एकदाही नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या जवळच्या बहिणी झारखंडच्या बाजूला बोलल्या जातात, आणि ही एकटी इतक्या पश्चिमेला, या डोंगरात टिकली. एका गावाच्या कडेला मी सागाचे कोरीव खांब पाहिले होते, गेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोडेस्वार. एका खांबाचं लाकूड अजून पिवळं होतं, बाकीचे राखाडी झालेले. फोटो काढला, आणि लेखात टाकला नाही, कारण 'विषय वन्यजीवांचा' असं मीच ठरवलं होतं. तो निर्णय चुकला. गावं उठण्याबद्दल माझं मत अजून एका बाजूला झुकलेलं नाही, पण त्या गावांची नावं न घेता जंगलाचं कौतुक मी यापुढे लिहिणार नाही.

दगडाची दुरुस्ती आज रात्री लेखात करते, तुम्ही दाखवलीत असं नमूद करून. मेळघाटाचा भाग नव्याने लिहायला मात्र महिनाभर तरी लागेल, कारण आधी मला मेळघाटातल्या धारणीला जाऊन यायचं आहे.

एक विनंती. तुम्ही लिहिलंत की कामठीच्या वालुकाश्माचा एक तुकडा तुमच्याकडे आहे, जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा असलेला, मधली शीर आणि शिरांची जाळी स्पष्ट दिसणारा. ते ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झालेल्या वनस्पतीचं असेल तर पंचवीस कोटी वर्षांचं पान झालं. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा एक फोटो काढून पाठवाल का? बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. दुरुस्तीच्या वर तोच लावीन.