मूग गिळून बसलेला स्टिरिओ

सलग तीन संध्याकाळी मी एका काळ्या पेटीसमोर गुडघे टेकून बसलो आणि तिन्ही संध्याकाळी तिने मला एकच दृश्य दाखवले: दिवा लागलेला, पडद्यावर निळी अक्षरे झळकत असलेली, आवाजाचे बटण फिरवले की आकडा शिस्तीत वर चढणारा, आणि दोन्ही स्पीकर ढिम्म. खरखरसुद्धा नाही. यंत्र पूर्ण मेले असते तर मला इतका संताप आला नसता, कारण मेलेल्या यंत्राचा फ्यूज तपासता येतो, वायर बदलता येते, आणि तरीही ते उठले नाही तर दुरुस्तीला टाकता येते. हे यंत्र मात्र जिवंत होते, रिमोटच्या प्रत्येक बटणाला तत्परतेने होकार देत होते आणि जे एकमेव काम करण्यासाठी ते घरात आणले, तेवढेच सोडून बाकी सगळे करत होते.

अशा वेळी शहाण्या माणसाने माहितीपुस्तिका काढावी, म्हणून मी ती काढली. ‘आवाज येत नसल्यास’ या शीर्षकाखाली तिथे पाच ओळी होत्या: वीजजोडणी तपासा, आवाज वाढवा, म्यूट काढा, योग्य इनपुट निवडा, सेवा केंद्राशी संपर्क साधा. चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधे जे अख्खे यंत्र पडलेले आहे, त्याच्याविषयी अवाक्षर नाही. ज्या अभियंत्यांना आतला प्रत्येक खटका आणि प्रत्येक जोड ठाऊक आहे, त्यांनी तो लिहिण्याची तसदी घेऊ नये आणि वर आम्हाला ‘पिन लावली आहे का’ असे विचारावे, हा शुद्ध उद्धटपणा आहे.

पहिली संध्याकाळ इनपुट तपासण्यात गेली. माझ्या रिसीव्हरला, म्हणजे याच काळ्या पेटीला, दूरचित्रवाणी संच ऑप्टिकल वायरने जोडलेला आहे, आणि या प्रकारात संच डॉल्बी डिजिटल या आक्रसलेल्या रूपात आवाज पाठवत असेल आणि रिसीव्हरला केवळ पीसीएम हे साधे, न आक्रसलेले रूप कळत असेल, तर वायर धडधाकट असूनही शांतता पसरते. म्हणून मी संचाच्या मेनूत शिरून, आवाजाच्या तीन उपमेनूंमधून वाट काढत, पीसीएम निवडले. फरक शून्य. मग सीडी प्लेअर लावून पाहिला, मग रेकॉर्ड प्लेअर लावून पाहिला. रेकॉर्ड प्लेअरचा संकेत जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तर सीडी प्लेअरचा दोन व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे निदान एकाचा तरी आवाज कुजबुजत का होईना यावा अशी वेडी आशा होती. तीन वेगवेगळी उपकरणे एकाच रात्री एकदम मुकी होत नाहीत, हे समजायला मला दीड तास लागला. हा दोष माझा आहे आणि मी तो मान्य करतो.

याच सुमारास माझी नजर ‘टेप मॉनिटर’ नावाच्या बटणावर गेली. हे बटण दाबले की निवडलेला संकेत मागच्या जॅकमधून टेप डेककडे, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या-भरणाऱ्या यंत्राकडे, जातो आणि ॲम्प्लिफायर फक्त डेककडून परत येणारा आवाज ऐकतो; डेक जोडलेलाच नसेल तर परत काहीच येत नाही आणि स्पीकर गप्प बसतात. जुन्या यंत्रांवर धूळ पुसताना चुकून दाबल्या गेलेल्या या एका बटणाने किती लोकांच्या रविवारांची माती केली असेल, याची कल्पना करवत नाही. माझ्याकडे ते दाबलेले नव्हते. स्पीकर निवडण्याचे बटण ‘ए’वर होते, पडद्यावर ‘स्पीकर ए’ अशी अक्षरे स्पष्ट दिसत होती आणि मी त्या अक्षरांवर विश्वास ठेवला. हा विश्वास लक्षात ठेवा.

दुसरी संध्याकाळ पेटीच्या मागच्या बाजूला गेली, आणि तिथे माझा संयम खऱ्या अर्थाने सुटला. ज्याने कोणी काळ्या पत्र्यावर काळ्याच रंगात उठावाची अक्षरे कोरली, त्याला त्या कपाटामागे विजेरी दातांत धरून, मान वाकडी करून, एका हाताने वायर वेगळी करत दुसऱ्या हाताने डावे-उजवे ओळखायला बसवले पाहिजे. स्पीकरच्या जोडणीचे खिळे इतके जवळजवळ आहेत की तांब्याची एखादी केसासारखी तार सुटून शेजारच्या खिळ्याला टेकली तरी शॉर्ट होतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडते. म्हणून मी चारही टोके काढली, नव्याने सोलली, पिळली, घट्ट बसवली. त्यानंतर मल्टिमीटर काढून स्पीकर मोजले. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात ओहम दाखवतो, कारण मीटर केवळ तारेचा एकदिश रोध मोजतो; माझे दोन्ही साडेसहाच्या जवळपास होते. दीड व्होल्टचा सेल वायरच्या टोकांना क्षणभर टेकवला तर ‘टप्’ असा आवाज झाला आणि शंकू हलला. म्हणजे स्पीकर शाबूत, वायरही शाबूत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, या थाटात मी दोन दिवस नको तिथे पाणी मारत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेवा केंद्राला फोन केला. यंत्र बंद करून चालू करा, असे सांगण्यात आले. ते मी तीसएक वेळा केले आहे, असे सांगितल्यावर पलीकडच्या गृहस्थांनी, पेटी उघडून पाहणे तर सोडाच, तिचे मॉडेलही पूर्ण न ऐकता, ‘मुख्य बोर्ड गेला असेल, बदलावा लागेल’ असा निकाल दिला. एकही प्रश्न नाही. हेडफोनमध्ये आवाज येतो का, एका बाजूचा जातो की दोन्ही बाजूंचा, चालू करताना आतून काही वाजते का, यांतले काहीही विचारले गेले नाही, आणि हे तीन प्रश्न विचारले असते तर माझी तिसरी संध्याकाळ वाचली असती.

शेवटी धागा सापडला तो आईमुळे, जिने या यंत्राला आजवर हातही लावलेला नाही. ‘हे रोज चालू केले की थोड्या वेळाने टक् असे वाजते, ते हल्ली वाजत नाही,’ असे ती सहज म्हणाली. तो टक् म्हणजे रिले, स्पीकर जोडणारा-तोडणारा आतला विजेवर चालणारा खटका. चालू केल्यावर काही सेकंद ॲम्प्लिफायर स्वतःची तपासणी करतो, स्पीकरकडे एकदिश विद्युतदाब जात नाही ना हे पाहतो, कारण तसा दाब टिकून राहिला तर स्पीकरची कॉइल जळते, आणि मगच रिले मिटवून स्पीकर जोडतो. माझा रिले मिटतच नव्हता. संरक्षक यंत्रणेने आवाज तोडला असेल तर माझ्या यंत्रावर लाल दिवा लुकलुकायला हवा, पण तो लागलेला नव्हता. दोन्ही स्पीकर काढून चालू केले, तरी टक् नाही आणि लाल दिवाही नाही.

मग हेडफोन लावले, आणि आवाज अगदी स्वच्छ, दोन्ही कानांत सारखा. त्या क्षणी मला आठवले की यंत्र मुके होण्याच्या आदल्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावूनच ऐकले होते. हेडफोनच्या जॅकमध्ये धातूची एक चिमुकली पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि त्यावरून यंत्र स्पीकर तोडते. पिन काढल्यावर ती पट्टी जागेवर परत आली नव्हती. तीन दिवस हे यंत्र अशा समजुतीत होते की मी हेडफोन लावून बसलो आहे, आणि ही समजूत त्याने मला एका अक्षरानेही कळू दिली नाही. ज्या पडद्यावर स्टेशनांची नावे सरकतात, घड्याळ दिसते, स्वागताचा मजकूर येतो, त्या पडद्यावर ‘हेडफोन’ एवढी चार अक्षरे मावत नाहीत! ‘स्पीकर ए’ हा मजकूर बटण कुठे आहे एवढेच सांगतो; स्पीकर खरोखर जोडला गेला की नाही, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. यंत्राला खरे कारण माहीत होते आणि ते मूग गिळून बसले होते.

यंत्राची पिन भिंतीतून काढून मी जॅकमध्ये संपर्क साफ करणारा फवारा अगदी थोडा मारला, हेडफोनची पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केली, फवारा वाळू दिला आणि यंत्र पुन्हा चालू केले. पाच सेकंदांनी टक् झाले. वैतागाच्या भरात आवाजाचे बटण मी बरेच वर नेऊन ठेवले होते, हे मात्र साफ विसरलो होतो, त्यामुळे तीन दिवसांच्या मौनानंतर स्पीकरमधून पहिली बाहेर पडली ती दूरचित्रवाणीवरची जाहिरात, खिडक्यांची तावदाने थरथरतील इतक्या जोरात. मी धडपडत बटण खाली आणले. पडद्यावर ‘स्पीकर ए’ हीच अक्षरे होती, गेले तीन दिवस होती तशीच.