लेनर्ड स्किनर्डचं विमान आगीमुळे पडलं नव्हतं

‘1977 मध्ये विमानाला आग लागून लेनर्ड स्किनर्डचा सगळा बँड संपला, आजचा बँड नुसता नावाचा,’ असा मजकूर या अमेरिकन रॉक बँडबद्दल फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

20 ऑक्टोबर 1977 ला साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलहून लुइझियानातल्या बॅटन रूजला निघालेलं बँडचं कॉन्व्हेअर 240 विमान मिसिसिपीत गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळलं, ते इंधन संपल्यामुळे. उजव्या इंजिनात बिघाड होता. बहुधा इंधन-हवेचं मिश्रण ‘ऑटो-रिच’वर, म्हणजे जास्त इंधन जाणाऱ्या सेटिंगवर, ठेवल्याने ते जास्त इंधन पीत होतं आणि वैमानिकांनी साठ्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही. दोन्ही इंजिनं बंद पडली. टाक्या रिकाम्या, म्हणूनच पडल्यावर भडका उडाला नाही.

विमानात 26 जण होते. गेले सहा: गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण व सहगायिका कॅसी गेन्स, व्यवस्थापनातले डीन किलपॅट्रिक आणि दोघे वैमानिक. रॉनी हा बँडचा आवाज, त्यामुळे ‘सगळं संपलं’ असं वाटणं समजू शकतं. पण रॉसिंग्टन, कॉलिन्स, विल्किसन, पॉवेल, पाइल हे बँडचे सदस्य वाचले, आणि 1987 मध्ये वाचलेल्यांनी रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी याला गायला घेऊन बँड पुन्हा उभा केला. गॅरी रॉसिंग्टन मार्च 2023 मध्ये वारेपर्यंत बँडचा सदस्य होता.

आगीची समजूत बहुधा बँडच्या ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या ज्वाळांमुळे पसरली असावी. तो अल्बम अपघाताच्या तीन दिवस आधीच आला होता. ज्वाळांचं चित्र नंतर काढून काळी पार्श्वभूमी दिली गेली.