गिअरबॉक्सवरच्या नंबरात कुंडली नसते हो

आमच्या आतेभावाने जुनी गाडी विकणाऱ्या ओहायोतल्या एका आजोबांना फोनवर जवळजवळ चोरच ठरवलं, आणि कारण काय तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज. ‘जुन्या अमेरिकन गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर ठोकलेला नंबर वाचा, मॉडेल आणि साल लगेच कळतं, गाडीच्या चॅसी नंबराशी जुळला नाही तर माल चोरीचा.’

आधी ते चोरीचं बघू, कारण बाकी चुकलं तर पैसे जातात, इथे माणसाची अब्रू जाते. अरे, गाडी पन्नास वर्षं जुनी, तेवढ्यात गिअरबॉक्स एकदा तरी बसला असेल की नाही? मग जुन्या बाजारातून दुसरा आणून टाकतात, नंबर कुठून जुळणार? अमेरिकेच्या फेडरल नियमांत ४९व्या टायटलचा भाग ५४१ आहे, तो तरी वाचायचा होता. इंजिन-गिअरबॉक्सवर गाडीचा चॅसी नंबर टाकायची त्यातली सक्ती १९८७ मॉडेलपासूनची, सुरुवातीला फक्त जास्त चोरीला जाणाऱ्या गाड्यांना. आणि कंपनीच्या बदली पार्टवर कंपनीचा मार्क आणि ‘आर’ अक्षर, म्हणजे रिप्लेसमेंट! बदललेला पार्ट कायद्यालाच मान्य आहे, आणि आमचे बंधुराज चालले पोलिसात.

आता साल. भावाने फोटो पाठवला, कमॅरो गाडीच्या टर्बो ३५० गिअरबॉक्सवर ‘१९एन’ आणि पुढे सहा आकडे. १ म्हणजे शेवरोले, एन म्हणजे नॉरवुडचा कारखाना, आणि ९ म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, फक्त शेवटचा. १९६९ की १९७९? नॉरवुडला कमॅरो दोन्ही साली बनत होती आणि टर्बो ३५० सुद्धा दोन्ही साली होता, मग सांगा बघू.

गिअरबॉक्सचं मॉडेल तर त्या नंबरात नाहीच, तो गाडीच्या चॅसी नंबराचा तुकडा आहे. खाली वाकून पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेचे, बोल्ट मोजा. १४ आले तर ॲल्युमिनियमचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स, १३ आले तर टर्बो ३५० किंवा टर्बो ४००, मग किकडाउनला (ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकणाऱ्या यंत्रणेला) केबल असेल तर ३५०, वायर असेल तर ४००.

बरं, थोडं खरं आहे, नाही म्हणत नाही. ४०० ला उजव्या बाजूला पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर साल आणि दोन अक्षरांचा कोड असतो, पट्टी शाबूत असेल तर त्यावरून पुष्कळ कळतं. पण मेसेजवाल्याने पट्टीचं नावही काढलेलं नाही.

भावाने काल बोल्ट मोजले, १३, आणि केबल लोंबकळतेय. आजोबांना सॉरी म्हणायला फोन कधी करतोस विचारलं तर ‘बघू’ म्हणाला.