आवाज गेला कुणीकडे

कॉम्प्युटरला आवाज नाही, ही तक्रार मी केव्हाच सोडून दिली आहे. आवाज भरपूर असतो, फक्त आपल्याकडे येत नाही. तो कुणाकडे जातोय हे शोधण्यात शनिवारची रात्र संपते आणि गेम खेळायचा राहून जातो.

आमचा कंपू पाच जणांचा. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका सायबर कॅफेत आम्ही तासाच्या हिशोबाने काउंटर-स्ट्राइक खेळायचो. दोन टीमांचा गोळीबाराचा गेम, एकीने बॉम्ब लावायचा, दुसरीने अडवायचं. बॉम्ब लावायच्या जागा दोन, ए आणि बी. तेव्हा व्हॉइस चॅट म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनवरून घातलेली हाळी. "शिऱ्या, बॉम्ब बी ला!" ही हाळी शिऱ्याबरोबर समोरच्या टीमला, कॅफेवाल्याला आणि खालच्या झेरॉक्सवाल्यालाही पोचायची. पण पोचायची! आता शिऱ्या न्यूजर्सीत, मंदार दुबईत, गौरी नागपुरात, बंड्या चिंचवडला आणि मी ठाण्यात. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला आणि आम्हा चाळिशी ओलांडलेल्यांना पुन्हा हुक्की आली. बोलायला डिस्कॉर्ड. ते २०१५ मध्ये निघालं तेच मुळी गेम खेळणाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून, त्यामुळे चार क्लिकांत काम होईल, असं मंदार म्हणाला. मंदारकडे लॅपटॉप आहे. लॅपटॉपवाल्यांचं सगळं चार क्लिकांत होतं.

माझ्याकडे असेंबल केलेला डेस्कटॉप. हेडसेटच्या वायरीला एकच पिन, तिच्यावर तीन काळी कडी. म्हणजे पिनचे चार भाग : डावा कान, उजवा कान, माइक आणि ग्राउंड. मोबाइलला हे चालतं. डेस्कटॉपला ऐकायचं भोक हिरवं आणि बोलायचं गुलाबी, दोन्ही पाठीमागे. म्हणून दोन शेपट्यांचा स्प्लिटर आणायचा, टेबलाखाली शिरायचं, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरायचा आणि भोकं शोधायची. माझ्या कॅबिनेटला अशी सहा भोकं आहेत. गुलाबी आणि केशरी शेजारशेजारी, आणि दोन्हींवर धुळीचा सारखाच थर. टॉर्च तोंडात असताना शिव्याही देता येत नाहीत. बरं, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं चित्र काढलेलं एक छान भोक आहे, पण ते शोभेचं. असेंबल करणाऱ्या मुलाने आतली वायर मदरबोर्डला जोडलेलीच नाही. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पुढचं कोणी वापरतच नाही."

पिना लागल्या, गेम सुरू झाला, आणि शांतता. आवाज मॉनिटरकडे जात होता. आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत. पण एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जाऊ शकतो, एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःला स्पीकर म्हणवून घेतलं होतं आणि कॉम्प्युटरने विश्वास ठेवला होता. चार्जर शोधायला आलेल्या चिरंजीवांनी स्वतःच्या कानातला इअरफोनही न काढता निदान केलं, "आई, डिफॉल्ट डिव्हाइस बघ." म्हणजे आवाज कुठे धाडायचा ते मशीनमध्ये निवडायचं. आणि गेले. मदत करायची या पिढीची हीच पद्धत. रोगाचं नाव सांगायचं आणि निघायचं.

नवरा मात्र थांबला. थांबला म्हणजे आठवणी सांगायला. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड काढलं, आणि त्याच्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या दिवसांत मशीनला ते कार्ड सापडावं म्हणून त्याचा पत्ता, इंटरप्ट आणि डीएमए हे आकडे हातानं फाइलमध्ये लिहावे लागायचे. "ए २२०, आय ५, डी १," तो डोळे मिटून म्हणाला. "एकदा लिहिलं की विषय संपला. तेव्हा मशीन ऐकायचं." मी म्हटलं, ऐकायचंच तर मलाही आहे, जरा सरक.

ऐकू येऊ लागलं तेव्हा नवीन भानगड. या गेममध्ये पावलांच्या आवाजावर जगणं-मरणं ठरतं. धावलं की पावलं वाजतात, शिफ्ट दाबून चाललं की वाजत नाहीत, आणि कान तयार असेल तर दाराच्या डावीकडे कुणी आहे की उजवीकडे हे न बघता कळतं. माझा कान तयार होता. पण शिऱ्याने तोंड उघडलं की पावलं गायब. तो गप्प झाला की परत हजर. शिऱ्या काही गप्प होणाऱ्यांतला नाही. "पावलं ऐकू येतायत का?" असं तो विचारायचा आणि त्याने विचारलं म्हणूनच ती ऐकू यायची नाहीत. मी त्याच्या स्वभावाला दोष देत राहिले (तो वेगळ्या कारणांसाठी द्यायलाच हवा), पण यात तो निर्दोष निघाला. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलमध्ये कोपऱ्यात कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल चालू असल्याचा सुगावा लागला की बाकी आवाज ८० टक्के कमी करायचे, अशी तिथे आधीपासूनच व्यवस्था असते. ऑफिसच्या मीटिंगला ती ठीक. इथे बॉम्ब लागल्यापासून ४० सेकंदांत खेळ खलास व्हायचा असतो आणि आपलं मशीन पाहुणा बोलतोय म्हणून टीव्ही बारीक करत बसतं. तिथे 'काही करू नका' असा पर्याय आहे. इतका समंजस पर्याय मी कुठल्याच सरकारी फॉर्मवर पाहिलेला नाही.

मध्यंतरी ब्लूटूथ हेडफोनही लावून पाहिला. गाणी त्यावर सुरेख वाजतात. पण माइक चालू केला की ब्लूटूथ गाण्यांची वाट सोडून फोन कॉलच्या अरुंद वाटेला लागतं, आणि सगळ्या लढाईचा आवाज एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा होतो. ठेवून दिला.

आता माझ्या बोलण्याकडे वळू. तोंडापुढचा माइक मी व्यवस्थित वाकवून ओठांपाशी आणला होता आणि त्यात हळू, सुसंस्कृत स्वरात बोलत होते. मशीन ऐकत होतं वेबकॅमच्या माइकमधून. मॉनिटरच्या डोक्यावर बसलेला तो माइक पंखा, कीबोर्ड, खालच्या रस्त्यावरचा रिव्हर्स घेणारा टेम्पो आणि स्वयंपाकघर असं सगळं निष्ठेने पुढे धाडत होता. "तुझ्याकडे कुकर झाला वाटतं," दुबईहून मंदार म्हणाला. मग इनपुट डिव्हाइस बदललं आणि डिस्कॉर्डमधलं नॉइज सप्रेशनही चालू केलं. त्याचं काम चोख. पंखा गेला, टेम्पो गेला, शिट्टी गेली. पण ही व्यवस्था माणसाचा आवाज ओळखते आणि तेवढा राखून ठेवते. त्यामुळे आता मागचा सगळा कचरा साफ होऊन आमच्या सासूबाईंचा आवाज, मूळचाच खणखणीत, शुद्ध स्वरूपात न्यूजर्सीपर्यंत पोचू लागला. "अगं, मटकी भिजत घातलीस का?" हे ऐकून शिऱ्या जागच्या जागी थबकला आणि गोळी खाऊन मेला. त्याच्या आईचं आणि आमच्या आईंचं वाक्य शब्दशः एकच आहे म्हणे.

यावर उपाय पुश-टू-टॉक. बटण दाबलं तरच माइक उघडा, सोडलं की बंद. मी माउसच्या बाजूचं बटण दिलं. पण घाईत बोट वाक्य संपायच्या आधी सुटतं, आणि मराठीत नकार शेवटी बसतो. गेमच्या नकाशात लाँग नावाची एक लांबलचक वाट आहे. मी ओरडायची, "लाँगवर जाऊ नकोस!" बंड्याला पोचायचं, "लाँगवर जाऊ." चला, जाऊ म्हणून तो उत्साहाने जायचा आणि लाँगवर स्नायपर त्याची वाटच बघत असायचा. हे इतकं झालं की बंड्याला माझ्या हेतूंबद्दल शंका येऊ लागली. बटण सोडल्यावरही माइक थोडा वेळ उघडा ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती वाढवली. आता 'नकोस' पोचतं. त्याच्या पाठोपाठ उरलेल्या फटीतून "तो दरवाजा लाव, डास येतात" हेही पोचतं, पण तेवढ्याने कुणी मरत नाही.

तर आता सगळं लागलं आहे. पूर्वी मी कुठून आणि कशी मेले ते मला कळायचं नाही. आता आधी डावीकडून पावलं येतात, ती मागे सरकतात, थांबतात, बंदुकीत नवं मॅगझीन बसल्याचा खट्ट आवाज येतो, आणि मग मी मरते. "अगं, ऐकू आलं नाही का?" शिऱ्या विचारतो. सगळं ऐकू आलं की!

मेल्यावर राउंड संपेपर्यंत दुसऱ्याचा खेळ बघत बसायचं असतं. परवा असा मोकळा वेळ मिळाला तेव्हा हेडसेट आईंच्या डोक्यावर चढवला, कारण गौरीला मेतकुटात उडीद डाळ किती घालायची ते विचारायचं होतं. ती आधीच मेली होती, तिलाही वेळ होता. बंड्या एकटा उरलेला. प्रमाण सांगता सांगता आई मध्येच थांबल्या. गॅसवरचं दूध वर येण्याआधी दिवाणखान्यातून ओळखणारा त्यांचा कान.

"बंड्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या मागे उजव्या अंगाला कुणीतरी आहे रे."

बंड्या वळला. राउंड आमचा.