मंजूर भार

विजेच्या खात्यात मी ३३ वर्षं काढली. त्यातली निम्मी लोकांच्या दारात उभं राहून एकच वाक्य म्हणण्यात गेली: "मंजूर भार एवढा, वापर एवढा, कसं चालायचं?" मांडवामागचे, हॉलच्या गच्चीवरचे वीजचोरीचे किती आकडे काठीने खाली ओढले, त्याचा हिशेब नाही.

कन्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कुठल्याशा ऑफिसातून उतरलेला, कपाटातल्या फायलीएवढा सडपातळ कॉम्प्युटर. "चौदा हजारांत आय-फाइव्ह!" असं मी तो सगळ्या मजल्याला दाखवला होता.

"बाबा, मॉडेल फिरवलं की मी चहा करायला जाते. चहा पिऊन होतो, बिल्डिंग अजून वळतेच आहे. ग्राफिक्स कार्ड टाका ना."

टाका! जणू आमटीत कोकम.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये. तो फोनवर म्हणाला, "मामा, आरटीएक्स थर्टी-सिक्स्टी घ्या. डोळे झाकून." मी तसंच घेतलं. डोंबिवलीहून दादर, दादरहून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव विचारलंत तर दुकान सापडायला संध्याकाळ होते. पैठणीच्या खोक्याएवढं खोकं मांडीवर घेऊन, बसायला मिळाल्याच्या आनंदात परत आलो.

कॅबिनेट उघडलं. शेजारी कार्ड ठेवलं. हिने दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे त्यात नाही बसायचं. ते ह्यात बसतंय का बघा."

मग मी आतलं लेबल वाचलं. जन्मभर दुसऱ्यांचे मीटर वाचलेल्या माणसाने घरचं लेबल वाचलं नव्हतं! पॉवर सप्लाय २४० वॅट. एकट्या कार्डाची भूक १७०, आणि खोक्यावर स्पष्ट छापलेलं की पॉवर सप्लाय ५५०चा हवा. शिवाय कार्डाच्या पाठीवर आठ पिनांचं भोक, आणि ते भरायला आमच्या डब्यात एक वायर शिल्लक असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रँट रोड.

"काका, एसएमपीएस बदला की," दुकानदार म्हणाला. एसएमपीएस म्हणजे तोच पॉवर सप्लाय.

ते मी रात्रीच पाहिलं होतं. बाजारातल्या एसएमपीएसला चोवीस पिनांचा कनेक्टर असतो. आमच्या मदरबोर्डावर कंपनीने स्वतःच्या मनाची, मोजक्याच पिनांची सोय केलेली. त्याचा डबाही असा की दुसऱ्या कुणाचा त्या जागेत शिरणार नाही.

"मग हा कन्व्हर्टर घ्या. दीडशे रुपये. हार्ड डिस्कची वायर आहे ना, तिच्यातून घ्यायचं."

मी ती वायर हातात धरली. एका टोकाला हार्ड डिस्कचा चपटा साटा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला कार्डाच्या आठ पिना. हात ओळखीने थरथरला.

"हा आकडा आहे."

"आकडा नाही काका, अ‍ॅडॅप्टर."

"अहो, साटात १२ व्होल्टच्या पिना तीन. एकीला दीड अँपिअर. झाले ५४ वॅट. आणि आठ पिना कार्डाला सांगणार, १५० घे! मधल्या प्लास्टिकने काय करायचं? वितळायचंच ना?"

चार गिऱ्हाइकं जमली. त्यातला एक पोरगेला म्हणाला, "काका, माझ्याकडे दोन वर्षं लावलाय. काही होत नाही."

हे वाक्य! अक्षरशः हेच वाक्य मी ३३ वर्षं ऐकलंय. फक्त तेव्हा हातात काठी असायची.

दुकानदाराने मला आत बसवलं, चहा मागवला (बहुधा मी गप्प बसावं म्हणून), आणि मुद्द्यावर आला. वेगळी वायर न मागता नुसत्या स्लॉटवर, म्हणजे मदरबोर्डाच्या ज्या खाचेत ते बसतं तिच्यावर, चालणारं कार्ड घ्यायचं. त्या स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. मला गहिवरून आलं. स्लॉटलासुद्धा मंजूर भार असतो!

त्यातही फसगत आहे. थर्टी-फिफ्टी नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ साली आलेलं आठ जीबीचं १३० वॅट खातं, २०२४ साली आलेलं सहा जीबीचं ७०. एकाच आडनावाचे दोन ग्राहक, एकाच्या घरी पंखा, दुसऱ्याकडे पिठाची गिरणी. मी पंखावाला, बुटक्या उंचीचा निवडला. खोकं फोडल्याबद्दल दुकानदाराने दोन हजार कापले. ते मी घरी सांगितलेले नाहीत.

बुटक्या कॅबिनेटसाठी कार्डाची लांब पट्टी काढून छोटी लावायची असते. तिचे स्क्रू मोहरीएवढे. दुसराच स्क्रू निसटून पॉवर सप्लायखाली गेला. हिने टॉर्च धरला, कन्येने कॅबिनेट आडवं केलं, मी बारशाला पाळणा हलवावा तसं हलवलं. खुळखुळ ऐकू येई, स्क्रू दिसेना. वीस मिनिटांनी तो माझ्याच लुंगीच्या घडीत सापडला. मग खुळखुळत काय होतं, ते अजून कळलेलं नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. मी कॅबिनेटला नाक लावलं. जळका वास!

"खालच्यांची भाजी लागलीय," ही म्हणाली.

मॉनिटरची निळी व्हीजीए वायर मी सवयीने मदरबोर्डाच्याच भोकात घातली होती. ती कार्डाकडे न्यावी, तर कार्डाला तसलं भोकच नाही. म्हणजे स्टेशनजवळच्या दुकानातून पुन्हा कन्व्हर्टर, एचडीएमआयवरून व्हीजीएचा. पण त्यातून नुसतं चित्र जातं, भार नाही, म्हणून तो मी मनाविरुद्ध मंजूर केला.

रात्री बिलाच्या पाठीवर मांडलं: प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी किरकोळ ३५. एकूण १७०. बिल उशीखाली ठेवणार, तोच कन्येची हाक आली.

पडद्यावर सात मजली इमारत भोवऱ्यासारखी गरगरत होती. चहाला उसंत नाही. मी तिला खालून वरून, मागून पुढून दोनदा फिरवायला लावलं.

"झकास. मीटर रूम कुठाय?"

कन्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.